पडदा लहान चालेल, आवाज खरा हवा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

कोल्हापुरात आम्ही काही मंडळी मिळून दरवर्षी एक छोटा चित्रपट महोत्सव भरवतो. त्यात दोनच प्रकारच्या फिल्म असतात. एक, संगीतावरचे माहितीपट. दुसरे, पदरमोड करून, मित्रांना हाताशी धरून, बऱ्याचदा मोबाइलवरच चित्रित केलेले लघुपट. तिकीट नसतं, सत्कार-हारतुरे नसतात, खर्च वर्गणीतून भागतो. बघायला कॉलेजची पोरं येतात, लग्नाच्या बँडमधले वादक येतात, गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई आपल्या विद्यार्थिनींना घेऊन येतात. या सगळ्यांच्या वतीने मी आपल्याला लिहिते आहे, आणि मागणी आधीच सांगून टाकते. कोल्हापूर शहरात शंभर-सव्वाशे खुर्च्यांचं एक कायमचं छोटं चित्रपट सभागृह हवं आहे, आणि त्यात आवाज नीट ऐकू यायला हवा.

आवाजावर एवढा जोर का, तेही सांगते. एका वर्षी आम्ही मिरजेच्या तंबोरा करणाऱ्या एका कारागिरावरचा माहितीपट दाखवला. सुरुवातीची दोन-अडीच मिनिटं त्यात निवेदन नाही की मुलाखत नाही. तो माणूस घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा सरकवतोय, तार छेडतोय, पुन्हा केसभर दोरा हलवतोय. जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा भरीव नाद, कशी उघडत जाते, हे ऐकणं म्हणजेच ती फिल्म. आम्ही भाड्याने घेतलेलं सभागृह भाषणांसाठी बांधलेलं होतं. चहूबाजूंनी गुळगुळीत भिंती, वर भोंग्याच्या जातीचे स्पीकर. त्यातून तंबोरा असा काही यायला लागला, की आवाजाच्या टेबलावर बसलेल्या मुलाला वाटलं, वायरिंगमध्ये बिघाड होऊन घरघर येतेय. त्याने आवाज उतरवला. पोराची काही चूक नव्हती, त्या स्पीकरमधून तसंच ऐकू येत होतं. ते कारागीर स्वतः मिरजेहून आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. फिल्म संपल्यावर एवढंच म्हणाले, "ही जवारी माझी न्हवं."

ज्याने आयुष्यभर कानाने काम केलं, त्याच्यापुढे त्याचंच काम असं मोडून ठेवलं आपण. तेव्हापासून मी ठरवलंय, की जिथे जावं तिथे आधी आवाजाबद्दल बोलायचं. पडदा लहान असला तरी चालतो. खुर्च्या साध्या असल्या तरी कुणी तक्रार करत नाही. पण संगीताची फिल्म असेल, तर भिंतींना आवाज शोषणारं आवरण, पडद्यामागे चांगले स्पीकर आणि खडखड न करणारे पंखे, एवढं तरी असायलाच हवं.

ही मागणी कोल्हापूरने करावी यात नवल काहीच नाही, मंत्री महोदय. इथे सिनेमाचा जन्मच गाण्याच्या पैशावर झाला आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता तो स्वतः घडवायचं मनावर घेतलं. आनंदराव मध्येच गेले. बाबूरावांनी नेट सोडला नाही आणि 1918 च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करायला भांडवल दिलं ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. 1920 साली कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला. खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, त्याला आम्ही दरवर्षी हार घालतो. पण हाताने यंत्र घडवून, गावातल्याच माणसांकडून पैसे उभे करून सिनेमा करायचा, हे आज जी पोरं करतात, त्यांच्यासाठी शहरात हक्काचा पडदा नाही.

पुढे 1929 साली प्रभात फिल्म कंपनीही इथेच सुरू झाली. पहिला मराठी बोलपट 1932 चा, तोही कोल्हापुरात तयार झालेला, आणि त्याचं संगीत दिलं गोविंदराव टेंबे यांनी. पेटी वाजवणारे, संगीत नाटकात गाणारे, अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीवर जीव असलेले टेंबे. या गावात गाणं आणि सिनेमा वेगळे काढताच येत नाहीत. गायन समाज देवल क्लब हा इथला संगीताचा क्लब तर 1883 पासूनचा, म्हणजे सिनेमाच्याही आधीचा.

आणि तरीही या गावाने काय काय हातचं घालवलं, तेही आपल्यासमोर ठेवते. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात होते. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथे रुजली, इथून सगळ्या देशात गेली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अंतराळात गेली. पण खुद्द खाँसाहेबांचा आवाज आज कुठेही ऐकायला मिळत नाही. 1946 साली ते गेले, आणि त्यांचं गाणं ऐकणाऱ्यांच्या आठवणींतच उरलं. बाबूरावांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रतीही उरल्या नाहीत. 1948 साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ भस्मसात झाला. एवढं सगळं गमावलेल्या शहराने तरी नोंद करून ठेवण्याच्या कामाला दुय्यम मानू नये, असं मला मनापासून वाटतं.

आज ही नोंद कोण करतंय? विद्यापीठं करताहेत थोडीफार, आकाशवाणीने पूर्वी मोलाचं काम केलं. पण गल्लीबोळातलं, वाडी-वस्तीवरचं संगीत टिपतोय तो विशी-बाविशीतला मुलगा, ज्याच्या हातात फोन आहे आणि घरात वाजवणारं माणूस आहे.

आमच्याकडे आलेली एक फिल्म सांगते. करवीर तालुक्यातल्या एका मुलाने आपल्या हलगी वाजवणाऱ्या आजोबांवर केलेली, जेमतेम दहा-अकरा मिनिटांची. सुरुवातीला आजोबा कागद-काटक्या पेटवून जाळावर हलगी धरतात. बोटाने टिचकी मारतात, आवाज बद्द येतो. पुन्हा शेकतात, पुन्हा टिचकी. चामडं ताणत जातं तसा आवाज चढत जातो, आणि एका क्षणी टण्णकन वाजतो. तेवढ्यावर त्यांची मान हलते. मग एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी. पुढचा भाग कुस्तीच्या मैदानातला आहे. मुलाने कॅमेरा कुस्तीकडे वळवलेलाच नाही, आजोबांच्या चेहऱ्यावर ठेवला आहे. जोड तोलामोलाची चालली असेल तोवर हलगी संथ. पैलवानाने पकड घेतली की लय चढते. आजोबा हलगीकडे एकदाही बघत नाहीत, त्यांचे डोळे पैलवानांच्या पायांवर आहेत. नातू मागून विचारतो, कसं कळतं? ते म्हणतात, "हलगीवाल्याला आधी कुस्ती कळाय लागती."

मी स्वतः लहानपणापासून कुस्तीच्या मैदानात हलगी ऐकत आले. ती नुसती जोश आणायला वाजत नाही, कुस्ती वाचत असते, हे मला त्या मुलाच्या फिल्ममुळे कळलं. त्याने आवाज कसा घेतला माहीत आहे? इअरफोनचा माइक वेळूच्या काठीला चिकटपट्टीने बांधून. हे असं काम तज्ज्ञांच्या प्रकल्पातून होत नाही, कारण तज्ज्ञाला आजोबांच्या शेजारी इतका वेळ बसू देणारं नातं नसतं.

अशी शिल्लक असलेली माणसं आमच्या जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत. पट्टणकोडोलीच्या यात्रेत ढोल घुमवणारे धनगर आहेत, चौंडकं वाजवत यल्लम्माची गाणी म्हणणारे जोगती आहेत, जुन्या शाहिरांचे पोवाडे तोंडपाठ असलेले म्हातारे आहेत. त्यांचं वय वाट बघणारं नाही.

आता जागेबद्दल. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर रस्त्यावर आलं होतं. शाहू महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू पुन्हा उभी राहावी, हे आमचंही मागणं आहे. पण ते नाट्यगृह आहे, नाटकाच्या तारखा तिथे आधी मिळाल्या पाहिजेत, आणि आमच्यासारख्यांना एवढं मोठं सभागृह परवडणारही नाही. मोरेवाडीच्या माळावरची चित्रनगरी चित्रीकरणासाठी आहे. रात्रीचा खेळ संपवून तिथून शिवाजी पुतळ्यापर्यंत यायचं, तर दुचाकी नसलेल्या पोरींनी काय करायचं? सभागृह शहरातच हवं. नवी इमारत बांधा असं आम्ही म्हणत नाही. वापरात नसलेली एखादी सरकारी इमारत, किंवा बंद पडलेल्या एकपडदा चित्रपटगृहाचा एक भाग घ्यावा, आणि खर्च दर्शनी कमानीवर न करता आतल्या ध्वनिव्यवस्थेवर करावा. महिन्यातले काही दिवस ते नाममात्र भाड्यात फिल्म सोसायट्या, महाविद्यालयं आणि आमच्यासारख्या गटांना मिळावं. शाहू स्मारक भवनाने शहरातल्या कितीतरी उपक्रमांना इतकी वर्षं आसरा दिला. तसाच आसरा केवळ फिल्मसाठी असेल तर काय काय घडेल, याची कल्पना करून बघावी.

परवानगीचाही एक प्रश्न आहे. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून त्यातून सूट मिळू शकते. ही बाब आपल्या खात्याची नाही, हे मला ठाऊक आहे. पण सात मिनिटांची फिल्म करणाऱ्या, गावाकडे राहणाऱ्या मुलाला यातलं काही माहीत नसतं, आणि आमच्यासारखे छोटे आयोजक कागदपत्रांत अडकून पडतात. राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाने एक माणूस नेमून छोट्या महोत्सवांचे अर्ज भरून द्यावेत, दिल्लीत पाठपुरावा करावा. गाण्यांच्या हक्कांचंही तसंच. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षांनी संपतो, म्हणजे जुन्या तबकड्यांवरचा मोठा ठेवा वापरायला मोकळा झाला आहे. कवी आणि संगीतकाराचा हक्क मात्र वेगळा मोजावा लागतो. हे समजावून सांगणारं कुणी नसल्यामुळे काही पोरं भीतीपोटी आपल्याच आजीची आवडती तबकडी फिल्ममधून काढून टाकतात, तर काही जण बिनधास्त वापरून पुढे अडचणीत येतात.

पैशाचं थोडक्यात. दरवर्षी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातल्या दहा संगीत माहितीपटांना प्रत्येकी दोन लाख रुपये द्यावेत, असा आमचा प्रस्ताव आहे. वीस लाखांत दहा फिल्म. अटी दोनच असाव्यात. चित्रित केलेलं सगळं मूळ ध्वनिमुद्रण, फिल्ममध्ये न वापरलेलंसुद्धा, सरकारी संग्रहात जमा व्हावं. आणि पहिला खेळ ज्या गावात चित्रीकरण झालं त्या गावात, देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात व्हावा. ज्यांचं संगीत आहे त्यांनी ते सगळ्यांच्या आधी बघितलं पाहिजे.

केरळमध्ये राज्य चलचित्र अकादमी 2008 पासून माहितीपट आणि लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव तिरुवनंतपुरमला भरवते. मुंबईतही 1990 पासून माहितीपटांचा मोठा महोत्सव होत आला आहे. स्पेनमधल्या बार्सिलोनात 2003 साली फक्त संगीत माहितीपटांसाठी 'इन-एडिट' हा महोत्सव सुरू झाला, आणि पुढे त्याच्या आवृत्त्या ब्राझील, चिलीपर्यंत पोहोचल्या. कोल्हापूरचा महोत्सव तेवढा मोठा करा असं आमचं म्हणणं नाही. उलट, तो सरकारी करू नका, अशी विनंती आहे. कोणत्या फिल्म दाखवायच्या हे बघणाऱ्यांनी आणि करणाऱ्यांनीच ठरवावं, शासनाने जागा आणि आवाज द्यावा.

यूट्यूब असताना सभागृह कशाला, असं आपल्या खात्यातलं कुणी विचारील. हलगीची ती फिल्म यूट्यूबवर टाकली असती, तर फोनच्या स्पीकरवर टपटप ऐकू आली असती. आमच्याकडे ती शंभरेक माणसांनी एकत्र बघितली, आणि संपल्यावर मागच्या रांगेतला एक बँडवाला उठून आजोबांना तालाबद्दल विचारू लागला. दोघांची चर्चा इतकी रंगली, की पुढची फिल्म उशिरा लावावी लागली. त्या बँडवाल्याने नंतर हलगी शिकायला सुरुवात केली आहे.

या पत्रासोबत सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेचा साधा आराखडा आणि शहरातल्या तीन संभाव्य जागांची यादी जोडली आहे. आपण कोल्हापूर दौऱ्यावर याल तेव्हा अर्धा तास द्यावा. आम्ही त्या जागा प्रत्यक्ष दाखवू, आणि शक्य झालं तर प्रत्येक जागी टाळी वाजवून आवाज कसा घुमतो तेही ऐकवू. महोत्सवाच्या दिवसांत आलात तर फारच चांगलं. मात्र व्यासपीठावर नको, प्रेक्षकांत बसा. सोबत त्या मुलाच्या फिल्मची प्रतही पाठवते आहे. ती चांगल्या स्पीकरवर ऐकावी, एवढी विनंती.

आपली नम्र,
महोत्सवाची एक संयोजिका
कोल्हापूर