थेंब गोल झाला म्हणजे भिंत स्वच्छ झाली?

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की ‘कमळाच्या पानासारखे’ भिंतीचे रंग आणि काच, सोलर पॅनेलसाठीचे ‘नॅनो’ लेप यांच्या जाहिराती सुरू होतात. टपोऱ्या थेंबाचा फोटो पाहून गिऱ्हाईक भुलते. पण थेंब टपोरा दिसणे वेगळे आणि त्याने धूळ नेणे वेगळे.

जर्मनीतील बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाचे हे गुपित मांडले. गुळगुळीत मेणावर पाण्याचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; तो जितका मोठा, तितका थेंब गोल) ११० अंशांच्या आसपास थांबतो. फ्लोरिनयुक्त रसायनानेही तो १२०च्या फारसा वर जात नाही. कमळाच्या पानावर मात्र तो १६०च्या घरात असतो, आणि ही करामत मेणापेक्षा खडबडीतपणाची. पानावर मायक्रोमीटरमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजावेत असे उंचवटे आणि त्यांवर मेणाच्या त्याहून बारीक नळ्या असतात. मधल्या खाचांत हवा अडकते, थेंब नुसता टोकांवर टेकतो. धूळही टोकांवरच असते, त्यामुळे गडगडणारा थेंब तिला सहज उचलतो. आपल्या अळवाच्या पानाचेही तेच. गाडीच्या मेणाच्या पॉलिशवर मात्र थेंब फुगतो, पण जागेवर रेंगाळतो किंवा घसरतो. तो तिथेच वाळला तर उलट डाग पडतो.

खरी अडचण टिकण्याची. फडका घासला की टोके मोडतात. पान नवे मेण तयार करते, लेपाला ती सोय नाही. साबणाने पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो आणि पाणी खाचांत शिरते. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टखालच्या भिंतीवर तेच काम तेल करते. दव तर वरून पडत नाही, थेट खाचांतच जमते.

सोलर पॅनेलवर आणखी एक पेच आहे. खाचा प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान नसतील तर काच धुरकट होते, आणि इतकी नाजूक टोके ब्रशपुढे टिकणे कठीण. शिवाय मराठवाड्यात हिवाळा-उन्हाळ्यात धूळ न्यायला पाऊस असतो कुठे? इमारतींच्या काचांसाठी २००१ पासून बाजारात असलेला टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप नेमका उलट चालतो. उन्हातील अतिनील किरणांनी तो सेंद्रिय मळ तोडतो आणि पाणी थेंब न करता सपाट पसरवतो. त्यालाही पाणी लागतेच.

रंग घेण्यापूर्वी लेप दिलेली ३० सेंटिमीटर लांबीची नमुना फरशी मागून घ्या. तिचे एक टोक ५ सेंटिमीटर उचला, म्हणजे साधारण १० अंशांचा उतार मिळतो. खडूची बारीक पूड भुरभुरवून वर ड्रॉपरने थेंब सोडा. थेंब पुडीसह खाली जायला हवा. मग फरशी ओल्या फडक्याने वीसेक वेळा घासा, पूर्ण वाळू द्या आणि हीच चाचणी पुन्हा करा. पहिल्या खेपेला बहुतेक नमुने छान दिसतात. विक्रेता दुसऱ्या खेपेला तयार नसेल तर बाहेरच्या भिंतीसाठी चांगला ॲक्रिलिक रंग घ्यावा आणि उरलेले पैसे भेगा बुजवण्यावर खर्च करावेत.

– रंग व लेपन क्षेत्रातील एक तंत्रज्ञ, ठाणे