तक्रार कुत्र्याच्या मालकाविरुद्ध होती, तोडलात वड

माननीय साहेब,

सादर नमस्कार. झाडांचे आणि जनावरांचे, दोन्ही कागद आपल्याच टेबलावर येतात, असे महापालिकेच्या तीन खिडक्या फिरल्यावर मला कळले. म्हणून हे पत्र आपल्याला, बडोद्यातल्या सगळ्यांच्या देखत.

यंदाच्या वटपौर्णिमेला मी आमच्या गल्लीतल्या वडाला सूत गुंडाळत होते. तिसरा फेरा चालू होता. पाराच्या मागून एक पाळलेला दांडगा कुत्रा आला. गळ्यात पट्टा होता, साखळी कुणाच्याच हातात नव्हती. त्याने माझी पोटरी धरली. मालक पाच पावलांवर फोनवर बोलत उभे. ‘कशुं नहीं करे, मासी,’ म्हणाले, म्हणजे काही करणार नाही, मावशी. तोवर रक्त चपलेत उतरले होते.

मी 68 वर्षांची आहे, एकटी राहते. पंधरा मिनिटे नळाखाली साबणाने जखम धुतली आणि रिक्षा करून गेले. जखमेच्या कडेने रेबीजविरोधी सीरम टोचतात तेव्हा काय होते, ते टोचून घेतलेल्यालाच ठाऊक. मग लस: पहिला दिवस, तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. कुत्र्याला लस दिली होती का, एवढेच मला हवे होते. मालकांकडे कार्ड नाही. असा कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा असतो. यांनी तो पाचव्या दिवशी गावी पाठवून दिला. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा हाती लागत नाही, हे मीच तीस वर्षे वर्गात शिकवले. साहेब, त्या रात्री मी पाण्याचा पेला तोंडाला लावून पाहायची, घोट गिळता येतो का म्हणून.

तक्रार दिली. ‘पंधरा दिवसांत पाळीव कुत्र्यांची नोंदणी करून घेतो’ असा शब्द मिळाला. विसाव्या दिवशी माणसे आली ती करवत घेऊन. झाडाखाली कुत्री बसतात, पार अडथळा आहे, असा शेरा होता. तासाभरात फांद्या, पारंब्या, पार, सगळे गेले. तक्रार निकाली, असा मेसेज त्याच संध्याकाळी.

तो वड माझ्या सासऱ्यांनी लावला होता. ते खानगी खात्यात, म्हणजे राजघराण्याच्या खासगी कारभारात, कारकून होते. 1949 साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, नोकरीचे काय होईल ते ठाऊक नव्हते, त्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या नणंदेचा जन्म झाला आणि त्यांनी वडाची फांदी रोवली. वड हे आमच्या घराण्याचे देवक. लग्नात त्याची डहाळी आणून पूजल्याशिवाय आमच्याकडे कुणी बोहल्यावर चढत नाही. देवकाचे लाकूड आम्ही तोडत नाही, जाळत नाही. घरातल्या चार लग्नांची डहाळी याच झाडाची. आणि ज्या गावाला इ. स. 812 च्या ताम्रपटात वटपद्रक म्हटले आहे, तिथे वडाला अडथळा ठरवता?

मी कुत्र्यांच्या विरुद्ध आहे असे कुणी समजू नये. आमचे कुलदैवत खंडोबा, त्याच्या पायाशी कुत्रा आहे. चंपाषष्ठीला रोडग्याचा घास त्यालाही जातो. समोरच्या गुजराती बायका व्यालेल्या कुत्रीसाठी वर्गणी काढून शिरा करतात, माझे तूप त्यात असते. आमचा मोती चौदा वर्षे जगला. दर वर्षी लस, आणि बाहेर पडताना साखळी माझ्या हातात. त्याच वडाच्या सावलीत तो म्हातारा झाला.

गेल्या वर्षी सुप्रीम कोर्टातल्या खटल्यापासून सारा देश भटक्या कुत्र्यांवर भांडतो आहे. मालकाबद्दल कोण बोलते? बडोद्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत हस्की आणायचा, पंख्याखाली धापा टाकत ठेवायचा, आणि कंटाळा आला की हायवेवर सोडून द्यायचा. आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून घ्यायच्या काळजीत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमात लिहिले आहे. माझ्या अर्जावर मी ते कलम लाल शाईने लिहिले होते. कुणी वाचले? माणसाला जाब विचारायचा म्हटला की ओळखी निघतात, फोन येतात. झाडाकडून कुणाचा फोन येत नाही, म्हणून करवत तिकडे वळते. मग पावसाळ्यात रोपे वाटायची, फोटो काढायचे, आणि उन्हाळ्यात ती वाळली की पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा रोपे. पंचाहत्तर वर्षांची सावली कुठल्या रोपातून परत देणार आहात?

मालकाच्या नावाने कुत्र्याची नोंद करा, दर वर्षी लसीचे कार्ड तपासा, साखळीशिवाय रस्त्यावर आणणाऱ्याकडून दंड घ्या. दिलेला शब्द निदान नोंदणीचा तरी होता.

आणि एक. खोडाला दक्षिणेच्या बाजूने दोन तांबूस कोंब फुटले आहेत. मी भोवती विटा रचल्या आहेत, सकाळी पाणी घालते. उरलेले खोड उपटायला पुढच्या आठवड्यात गाडी येणार असे ऐकते. ती पाठवू नका. पाठवलीत तर मी तिथेच बसलेली असेन, लंगडा पाय पुढे करून.

आपली,
दांडिया बाजारातली एक निवृत्त शिक्षिका