यंत्र कोणते घ्यावे, हे मैत्रिणींना विचारून ठरव

प्रिय लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून गेमिंगसाठी एखादे यंत्र घ्यायचे तू ठरवले आहेस आणि ते कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे खास यंत्र) असावे की पीसी, याबद्दल माझे मत विचारले आहेस. पत्रासोबत पाठवलेली तुलना मी नीट वाचली. फ्रेम रेट (पडद्यावर सेकंदाला किती चित्रे येतात), ग्राफिक्स, साठवणुकीची जागा, पुढे भाग बदलण्याची सोय, असे सगळे तू मेहनतीने मांडले आहेस आणि त्यात खोट काढावी असे काही मला आढळले नाही. मात्र ज्यांच्याबरोबर तू खेळणार आहेस, त्या चौघींचा उल्लेख त्या दोन पानांत कुठेही नाही. माझ्या मते विचाराची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, कारण शाळा संपल्यावर तुम्ही पाचजणी पाच दिशांना पांगलात आणि रात्रीच्या जेवणानंतर तासभर एकत्र बसण्याची तुमची जागा म्हणजे आता हे खेळच आहेत.

एकटीने खेळण्यासाठी तू यंत्र घेत असतीस, तर मी फारसा विचार न करता पीसी सुचवला असता. जुने गेम नव्या मशीनवर बहुधा चालतात, ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळी वर्गणी भरावी लागत नाही, आणि स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम पसंत पडला नाही तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, तो २ तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास, पैसेही परत मागता येतात. पण तुला एकटीने खेळायचे नाही, हे तुझ्या पत्रातल्या ओळीओळीत दिसते.

'आता सगळीकडे क्रॉसप्ले आहे, त्यामुळे कोण कशावर खेळते याने फरक पडत नाही,' असे तू लिहिले आहेस. क्रॉसप्ले म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकमेकींसोबत खेळण्याची सोय. ही समजूत अर्धीच खरी आहे आणि अशा अर्ध्या खऱ्या समजुतीवर एवढी मोठी खरेदी करू नये, असे मला कळकळीने वाटते. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या खेळाडूंना एका सामन्यात आणणे तांत्रिकदृष्ट्या फार पूर्वीच शक्य झाले होते. २००२ साली आलेल्या फायनल फँटसी ११ मध्ये प्लेस्टेशन २ या कन्सोलवरचे आणि पीसीवरचे खेळाडू एकाच सर्व्हरवर खेळत होते. पुढे वर्षानुवर्षे ज्या भिंती उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः कंपन्यांच्या धोरणाच्या होत्या. सप्टेंबर २०१७ मध्ये फोर्टनाइट या गेममध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या दोन वेगळ्या कन्सोलवरचे खेळाडू काही तास अचानक एकमेकांसमोर आले. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिकने ती सेटिंगमधली चूक असल्याचे सांगून ते बंद केले, पण सगळे सुरळीत चालते हे तेवढ्या वेळात लोकांनी पाहिले होते. त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर २०१८ मध्ये, प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने फोर्टनाइटपुरती परवानगी दिली आणि जानेवारी २०१९ मध्ये रॉकेट लीग हा गेमही त्या वाटेने गेला. म्हणजे परवानगी मिळत गेली ती एकेका गेमला, आणि आजही क्रॉसप्ले असणे-नसणे हा त्या-त्या गेमचा गुण आहे. कन्सोलच्या किंवा पीसीच्या खोक्यावर पाहून ते कळत नाही.

म्हणून तुमच्याच गेमची एकेक करून तपासणी करू. तुझ्या दोन मैत्रिणी प्लेस्टेशन ५ वर खेळतात, तिसरीकडे अजून प्लेस्टेशन ४ आहे आणि चौथी पीसीवर. ही विभागणी तीन विरुद्ध एक अशी दिसते, पण ती तशी सरळ नाही.

फुटबॉलचा गेम घे. फिफा २३ पासून त्यात क्रॉसप्ले आले, मात्र यंत्राच्या पिढीची मर्यादा ठेवून. प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसी हे एका गटात येतात, तर प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन दुसऱ्या गटात. याचा अर्थ, पीसीवर असलेली तू प्लेस्टेशन ५ वाल्या दोघींशी सामना खेळू शकशील, पण प्लेस्टेशन ४ वाली मैत्रीण, जिचे यंत्र त्या दोघींच्याच कंपनीचे आहे, तिला मात्र तुमच्या सामन्यात येता येणार नाही. कन्सोलवरच्या मैत्रिणी असे आपण सरसकट म्हणतो, तेव्हा नेमकी हीच गोष्ट नजरेतून सुटते.

जीटीए ऑनलाइनमध्ये तर क्रॉसप्ले मुळीच नाही. प्लेस्टेशन ५ वरचे खेळाडू वेगळे, प्लेस्टेशन ४ वरचे वेगळे, पीसीवरचे वेगळे. आणि २०२५ च्या मार्चमध्ये पीसीवर नवी सुधारित आवृत्ती आल्यापासून तिथेही जुन्या आणि नव्या आवृत्तीचे खेळाडू एकमेकांत मिसळत नाहीत. तुमच्या गटात शनिवारी रात्री सगळ्यांत जास्त वेळ ज्या गेमवर जातो, तो हाच आहे. पीसी घेतलास तर तू जीटीए उघडशील, तिघी प्लेस्टेशनवर तोच गेम त्याच वेळी खेळत असतील, आणि तुझ्या मित्रयादीत त्यांच्यापैकी एकीचेही नाव येणार नाही. प्लेस्टेशन ५ घेतलास तर निदान एक वाट मोकळी राहते, कारण त्या यंत्रावर प्लेस्टेशन ४ ची आवृत्तीही चालते. ती विकत घेऊन सुरू केली, तर जुन्या यंत्रावरच्या मैत्रिणीलाही सोबत घेता येते. त्या आवृत्तीतली कमाई आणि गाड्या वेगळ्या राहतील, एवढे मात्र आधी सगळ्याजणींना सांग.

आता ज्या गेममध्ये क्रॉसप्ले आहे, तिथला एक प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि तो तुझ्या तुलनेत आलेला नाही. एपेक्स लेजंड्स सगळ्या यंत्रांवर एकत्र खेळता येतो, हे खरे. पण तिघींच्या संघात एक जरी पीसीवरची असली, तरी सगळा संघ पीसीच्या लॉबीत, म्हणजे पीसीवरच्या खेळाडूंच्या सामन्यात, जातो. तिथे समोरचे खेळाडू माउसने नेम धरतात, त्यांना मागे वळायला मनगटाची एक हालचाल पुरते आणि त्यांचे पडदे पुष्कळदा जास्त फ्रेम दाखवत असतात. कंट्रोलर घेऊन बसलेल्या तुझ्या दोन मैत्रिणींना अशा लॉबीत गेल्यावर जे होते, ते मी सुट्टीत तुझ्या शेजारी बसून पाहिले आहे. त्या उतरतात, हत्यार शोधतात, पहिल्याच चकमकीत पडतात आणि उरलेला वेळ इतरांचा खेळ बघत बसतात. तक्रार कोणी करत नाही, कारण मैत्रिणीला 'तुझ्यामुळे आम्ही हरतो' असे कोण म्हणेल? पण हळूहळू 'आज नको, उद्या उठायचे आहे' ही उत्तरे वाढत जातात. तू कोणत्या यंत्रावर बसतेस, याचा परिणाम तुझ्यापुरता राहत नाही. तो तुझ्या संघातल्या प्रत्येकीवर होतो. म्हणून क्रॉसप्ले आहे का, एवढेच विचारून थांबू नकोस. क्रॉसप्लेमुळे कोणाला कोणाच्या मैदानात जावे लागते, हेही विचार.

पीसीवरच्या मैत्रिणीबद्दल मी फार विचार केला, कारण ती एकटी पडू नये असे तुला मनापासून वाटते आणि तुझी ती भावना मला फार आवडली. पण तिच्याशी तुम्ही खेळता ते दोन गेम पाहिले, की वेगळेच चित्र दिसते. व्हॅलोरंट पीसीवर २०२० पासून आहे. २०२४ मध्ये तो कन्सोलवर आला, तरी पीसी आणि कन्सोलचे खेळाडू त्यात एकत्र येत नाहीत. मात्र तो गेम साध्या मशीनवरही चालावा अशाच बेताने बनवलेला आहे, आणि तुझ्या अभ्यासाच्या लॅपटॉपवर तो तू आजही खेळतेस. माइनक्राफ्टचेही तसेच. २०२२ पासून पीसीवर जावा आणि बेडरॉक या दोन्ही आवृत्त्या एकत्र विकल्या जातात. जावा आवृत्तीत तिचे जुने जग आहे, तर बेडरॉकमधून प्लेस्टेशनवरच्या मैत्रिणींनाही बोलावता येते. त्यांना फक्त मायक्रोसॉफ्टचे अकाउंट जोडून घ्यावे लागेल. सारांश असा, की जिच्यासाठी तुला पीसी घ्यावासा वाटतो, तिच्याशी खेळण्याची सोय तुझ्याकडे आधीपासूनच आहे. नवा पीसी घेतलास तर तिच्याशी होणारा खेळ अधिक देखणा होईल, आणि ज्या तिघींशी महिनोन्महिने खेळणे झालेले नाही, त्यांच्याशी तो बराचसा तसाच अडलेला राहील.

खर्चाच्या हिशेबात एक रकाना मात्र तुला वाढवावा लागेल. प्लेस्टेशनवर विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा असेल, तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते. फुटबॉल, जीटीए ऑनलाइन आणि माइनक्राफ्ट तिघांनाही ती लागेल. एपेक्स, फोर्टनाइट, रॉकेट लीग यांसारख्या फुकट गेमना ती लागत नाही. यंत्राची किंमत एकदाच द्यायची असते, ही वर्गणी मात्र तुम्ही खेळत राहाल तोवर चालू राहील. तू शिकत आहेस तोवरची सगळी वर्षे धरून ती आजच जोड आणि मग पीसीच्या किमतीशी ताडून पाहा. फरक कमी होईल. तरीही माझे मत बदलत नाही.

बोलण्याच्या सोयीकडेही लक्ष दे. प्लेस्टेशनवरचा पार्टी चॅट, म्हणजे खेळताना गटात बोलण्याची सोय, त्या यंत्राच्या कुटुंबातच राहतो, पीसीवरच्या मैत्रिणीला त्यात शिरता येत नाही. २०२३ पासून प्लेस्टेशन ५ वर डिस्कॉर्ड या गटात बोलण्याच्या ॲपचा आवाज घेता येतो, म्हणून पाचहीजणींनी बोलण्यासाठी डिस्कॉर्डच ठरवावे, हे उत्तम. जिच्याकडे प्लेस्टेशन ४ आहे, तिने फोनवर डिस्कॉर्ड लावून एका कानात इअरफोन घातला तरी काम भागेल. मला तर वाटते, की गेम कोणताही असो, तुमच्या त्या तासातला निम्मा आनंद या बोलण्यातच आहे.

तुझा शेवटचा प्रश्न असा होता, की आज मैत्रिणी जिथे आहेत तिथे उद्या राहतील याची खात्री काय. तशी खात्री देता येत नाही, आणि प्लेस्टेशनवर विकत घेतलेला गेम तुझ्यासोबत पीसीवर येत नाही, फुटबॉलमध्ये जमवलेला संघही येत नाही, हे खरे. काही गेम मात्र याला अपवाद आहेत. फोर्टनाइटमधले कपडे आणि हत्यारांची रूपे एपिकच्या अकाउंटला जोडलेली असल्यामुळे कुठेही दिसतात. पण कोण कुठे जाईल याचा थोडा अंदाज आपल्याला बांधता येतो. तुमचा गट ज्या गेमभोवती जमतो, त्या जीटीएचा पाचवा भाग कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. सहाव्या भागाची घोषणाही प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच झाली, पीसीचे नाव तीत नव्हते. त्यामुळे पुढची काही वर्षे प्लेस्टेशन ५ वाल्या त्या दोघी आपले यंत्र सोडून जातील असे मला वाटत नाही.

तेव्हा तू प्लेस्टेशन ५ घ्यावास आणि लॅपटॉप व्हॅलोरंट-माइनक्राफ्टसाठी तसाच चालू ठेवावास, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त पैसे भरण्याआधी चौघींनाही स्वतः फोन कर. ग्रुपवर संदेश टाकलास तर दोघी अंगठा दाखवतील आणि दोघी गप्प राहतील, त्यातून काहीच कळणार नाही. गेल्या महिन्यात प्रत्यक्ष कोणता गेम खेळलीस, कोणत्या वारी, किती वाजता, असे प्रत्येकीला विचार, कारण आवडीचे गेम पुष्कळ असतात आणि खेळले जाणारे दोन-तीनच. तुझ्या रात्रीच्या तासाला जी कधीच मोकळी नसते, तिच्यावरून यंत्र ठरवू नकोस.

प्लेस्टेशन ४ वाल्या मैत्रिणीशी शांतपणे बोल. ती नवे यंत्र घेणार आहे का, हे विचारताना तिला ओशाळे वाटणार नाही याची काळजी घे. तिच्या घरची परिस्थिती तुला ठाऊक आहे. तिचा एवढ्यात तसा विचार नसेल, तर बाकीच्या दोघींशी ठरवून आठवड्यातली एक रात्र अशा गेमसाठी राखून ठेवा, जो तिच्या यंत्रावरही सगळ्यांसोबत चालतो. एपेक्स आहे, रॉकेट लीग आहे, आणि त्यांत वर्गणीचाही प्रश्न येत नाही. तिचे उत्तर आले की मला कळव. तोवर खरेदी थांबव.

तुझी,
आई