मोडीत जाते ते अस्सल, दारात येते ती नक्कल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई किंवा दिवाळी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघतात. आजीचे घंगाळ किलोच्या भावाने जाते आणि त्यात चार पैशांची भर घालून दिवाणखान्यात ठेवायला ‘अँटिक’ म्हणून एखादा नवाकोरा हंडा येतो. नक्कल घेण्यात गैर काही नाही. चांगल्या कारागिराची नक्कल शोभेला उत्तमच. पण तिला शंभर वर्षांचे मोल मोजायचे का, हा प्रश्न आहे. म्हणून घेताना, आणि त्याहून जास्त विकताना, काय पाहावे ते लिहितो.

‘हिरवे पडले म्हणजे जुने’ हा समज सर्वांत महागात पडतो. आपल्या घरांत पितळ रोज राखेने, चिंचेने, काथ्याने घासले जाई. त्यामुळे वापरातले जुने भांडे हिरवे नसते, झिजलेले असते. काठ गुळगुळीत होतो, बुडाची कड चपटी होते, नक्षीचे उंचवटे पुसट होतात; खोलगट रेघा मात्र शाबूत राहतात आणि त्यांत करडा थर साचतो. नकलेत नेमके उलटे. नक्षी सगळीकडे सारखी धारदार आणि वरून हिरवट-काळा लेप. कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायचे द्रव चालते) भिजवून बुडाशी घासा. रंग कापसाला आला तर तो मारलेला आहे. नाही आला म्हणून भांडे जुने ठरत नाही, कारण मीठ, नवसागर, व्हिनेगर लावून चढवलेला गंज ॲसिटोनने निघत नाही. तेव्हा तो बसलाय कुठे ते पाहा. हात, दोर, जमीन जिथे रोज लागते, तिथेही तेवढाच जाड गंज असेल तर ते भांडे कधी पाण्याला गेलेले नाही.

मग बॅटरीचा उजेड आत टाका. तांबट पूर्वी हंडा-घागर दोन-तीन तुकड्यांत ठोकून, दातेरी कडा एकमेकींत अडकवून झाळत. पोटाशी किंवा बुडाशी ती नागमोडी रेघ वेगळ्या पिवळ्या छटेत दिसते. आत एकाच केंद्राभोवती बारीक गोल रेषा असतील, तर भांडे यंत्रावर फिरवलेले. यंत्रावरची भांडीही साठ-सत्तर वर्षांची असू शकतात, पण मग भावही तसाच द्यावा. ठोक्यांच्या खुणा ओळीत, एकसारख्या मापाच्या दिसल्या तर त्या शोभेसाठी पाडलेल्या.

ठिपक्यांनी कोरलेले नाव हा आपल्या भांड्यांचा जन्मदाखला. शके दिले असेल तर ७८ मिळवा, शके १८४६ म्हणजे १९२४. ठिपक्याच्या आतला धातू बाहेरच्यापेक्षा चकचकीत असेल, तर नाव अलीकडे घातले आहे.

समई आणि मूर्तींचे पारखी तर आपल्या गावातच आहेत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकाम करणाऱ्या कुणालाही दाखवा. साच्याच्या जोडाची रेघ आणि वाळूचा खरखरीतपणा कुठे राहिलाय ते तो बोट ठेवून सांगेल. समईचे आटे उघडून पाहा. हाताने पाडलेले आटे उथळ, थोडे वाकडे असतात आणि एका समईचा तुकडा दुसरीला सहसा बसत नाही. लोहचुंबक चिकटले तर आत लोखंड. न चिकटल्यास वजन करा: भरीव पितळेचा ८५० ग्रॅमचा तुकडा पाण्यात बुडवल्यावर साधारण १०० मिलिलिटर पाणी सांडते. बरेच जास्त सांडले तर धातू हलका किंवा आत पोकळी. बुडाच्या पोकळीत लाख किंवा सिमेंट भरून वजन वाढवण्याची युक्तीही चालते.

लाकडात फसवणूक अधिक सफाईची, कारण लाकूड खरोखर जुने असते. पाडलेल्या वाड्याच्या तुळया चिरून नवे कपाट होते आणि ‘गोव्याच्या वाड्यातले’ म्हणून विकले जाते. किड्याची भोके बारीक तारेने तपासा. किडा वाकडातिकडा जातो, ड्रिल सरळ. पृष्ठभागावर आडव्या उघड्या नाळ्या दिसल्या, तर लाकूड किडल्यानंतर चिरले आहे. पाठीमागे गोल करवतीचे कमानीसारखे ओरखडे, स्टार स्क्रू (ते १९३० च्या दशकातले), कारण नसलेली खिळ्यांची भोके आणि खणात आतूनही सारखाच गडद रंग, यांतले दोन जरी सापडले तरी भाव निम्म्यावर आणा. गोल मेज दोन्ही दिशांनी मोजा. लाकूड रेषेच्या आडवे आकसते, म्हणून खरे जुने गोल मेज काही मिलिमीटर लंबगोल झालेले असते.

दुर्बिणी आणि होकायंत्रे रुडकीकडे शोभेसाठी बनतात. ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ असे कोरलेले दिसले तर हसून पुढे जा, त्या जोडनावाची कंपनीच १९४७ ची. चकाकत्या पितळी कर्ण्याचे, अष्टकोनी पेटीवर कुत्र्याचा बिल्ला असलेले ग्रामोफोन बहुतेक जोडकामाचे. राम-सीता किंवा हनुमान असलेले, १६१६, १७१७ किंवा १८१८ सालचे आण्याचे नाणे ईस्ट इंडिया कंपनीने कधी पाडलेच नाही. १८३५ चा चांदीचा रुपया मात्र कंपनीने खरोखर पाडला होता: ११.६६ ग्रॅम, सुमारे साडेतीस मिलिमीटर. कडेच्या दात्यांवर जोडाची रेघ असेल तर तो ओतलेला.

एक कायद्याची गोष्ट. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. विक्रेत्याकडे परवाना मागा. दीडशे वर्षांची मूर्ती पाच मिनिटांत कालची होते. नाही झाली, तर वय, धातू आणि केलेली दुरुस्ती बिलावर लिहून घ्या.

आणि मोडवाल्याला हाक मारण्याआधी घरचे भांडे उलटे करून नाव, सांधा, ठोके पाहा. ठेवायचे ठरले तर बफिंगला देऊ नका, त्यात या तिन्ही खुणा घासून जातात. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, लगेच कोरडे पुसून उन्हात अर्धा तास ठेवले की झाले.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव