पट भरला, पण पोरगी कुठे होती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान तीनवर आमच्या भागातल्या सरकारी शाळांची माहिती तक्त्यासकट दिलीत. सहावी ते आठवीचा पट किती, मुली किती, कोणत्या प्रवर्गाचे किती, कॅमेरे आहेत की नाहीत, मुलींचं स्वच्छतागृह आहे की नाही. मेहनत दिसते. आमच्या घरासमोरच्या शाळेपुढे शेवटच्या रकान्यात 'आहे' असं छापलंय. खरंच आहे. माझ्या घरात आहे.

थट्टा करत नाही. पावसाळा लागल्यापासून मधल्या सुट्टीची घंटा झाली की माझं फाटक वाजतं. "आजी, जाऊ काय?" मी म्हणते, "जा, पाणी टाकजो बरोबर." आधी दोघी यायच्या, मग पाच झाल्या. टाकी लवकर रिकामी होते म्हणून आमच्या ह्यांनी आठवडाभर कुरकुर केली आणि एका रविवारी काही न बोलता दाराला नवी कडी बसवून दिली, कारण जुनी आतून नीट लागत नव्हती.

शाळेतल्याला कुलूप आहे. का, ते ऐका. आधी डांबरी रस्ता होता तेव्हा रस्ता खाली आणि शाळा दोन पायऱ्या वर होती. मग सिमेंटचा झाला. जुना न खणता त्याच्यावरच ओतला. आता रस्ता वर आणि शाळा खाली. नागपुरात हे कोणाला समजावून सांगायला नको, अर्ध्या गावाच्या अंगणात असंच पाणी शिरतं. पहिल्या मोठ्या पावसात शाळेचं मैदान भरलं, चेंबर उलटं वाहिलं, आणि मुलींच्या बाजूला कुलूप पडलं. किल्ली मॅडमच्या खणात. तपासणी आली की फिनाईल टाकून उघडतात, तपासणी गेली की लावतात. तपासणीवाल्याने 'आहे' लिहिलं, आपण ते छापलं. याच रस्त्याबद्दल जुलैत मी आपल्याला पत्र पाठवलं होतं. ते छापायला जागा झाली नाही. त्या दिवशी तिथे मेट्रोच्या डब्यात वाढदिवस साजरा करण्याच्या सोयीचं कौतुक करणारं पत्र होतं. असो.

मूळ मुद्दा पोळ्याच्या आदल्या आठवड्यातला. त्या पाचांपैकी सातवीतली एक मधल्या सुट्टीत आली ती बाहेरच येईना. दार वाजवलं तर आत रडत होती. पहिलीच पाळी. मी कपडे दिले, गरम पाणी दिलं, दिवाणावर झोपवलं. आई धरमपेठेत घरकामाला जाते, तिचा फोन बंद. बाप बालाघाटकडचा मिस्त्री, त्याचा नंबर पोरीला पाठ नव्हता. शाळेत निरोप पाठवायला उठले आणि परत बसले. म्हटलं, बघू या, कोणी शोधायला येतं का. हे माझं चुकलं. चाळीस वर्षांपूर्वी डीएड झालेल्या बाईने असं करू नये. पण केलं.

कोणी आलं नाही. मधली सुट्टी संपली, तीन तास झाले, शाळा सुटायची वेळ झाली. मीच तिचं दप्तर आणायला गेले. मोठं फाटक सताड उघडं. मला अडवून "काय पाहिजे जी?" असं विचारलं ते फक्त पोषण आहार शिजवणाऱ्या ताईने, भांडी घासता घासता. वर्गात सहावी-सातवी एकत्र बसवलेली, एकच मॅडम, हातात मोबाईल. गप्पा नव्हत्या चालल्या, कुठलीशी ऑनलाइन माहिती पाच वाजायच्या आत भरायची होती. हजेरीपट उघडून बघितला. पोरगी हजर. सकाळी हजर होती म्हणून दिवसभर हजर.

त्या मॅडमना मी दोष देत नाही. मी स्वतः तीस वर्षं हजेरी घेतलीय, मलाही मधल्या सुट्टीनंतर पुन्हा डोकी मोजायची सवय नव्हती. पण तेव्हा एका वर्गाला एक शिक्षक असायचा. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक, शिवाय भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यांना किमान एकेक, असं स्पष्ट लिहिलंय. त्याच कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आहेत आणि कुंपणाची भिंतही आहे. मुलांचं कुलूप आणि मुलींचं कुलूप वेगळं, असं त्यात नाही.

मोजायची हौस मात्र दांडगी. 30 सप्टेंबरचा पट म्हटला की अख्खी शाळा दहा दिवस आधीपासून अंगात आल्यासारखी वागते, कारण त्या आकड्यावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार ते ठरतं. मार्च 2024 च्या शासन निर्णयानंतर तर सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली घसरला की पदावरच गंडांतर. त्यातही आधार जुळलेलंच पोरगं धरायचं. राजनांदगावकडच्या एका मजुराचा मुलगा आठवीत रोज पहिल्या बाकावर बसतो, पण आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं, म्हणून तो मोजणीत नाही. आणि माझ्या दिवाणावर झोपलेली पोरगी शाळेत हजर! ऑक्टोबर 2011 ची पटपडताळणी मला चांगली आठवते, मी तेव्हा नोकरीत होते. राज्यभर एकाच वेळी मोजणी केली, एक पोरगं दोन शाळांत दाखवू नये म्हणून निवडणुकीसारखी बोटाला शाई लावली. लाखांनी बोगस नावं निघाली. पोट्टे आठवडाभर शाईचं बोट मिरवत हिंडले. त्यानंतर वाटलं होतं, सुधारतील. 2025 मध्ये आपल्याच नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकांच्या सरकारी पगारासाठीच्या ऑनलाइन क्रमांकाचं) प्रकरण निघालं, म्हणजे विद्यार्थी झाले, आता शिक्षकही कागदावरचे.

आता आपल्या तक्त्यातला दुसरा 'आहे': कॅमेरा. बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्यानंतर ऑगस्ट 2024 मध्ये सरकारने शाळांना कॅमेरे लावायला सांगितले, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून तीनदा तरी चित्रण बघायचं, तक्रारपेटी ठेवायची, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करायची. मी मॅडमना म्हटलं, बघू या, पोरगी किती वाजता बाहेर पडली. कॅमेरा फाटकाकडेच वळलेला होता, ते बरं. पण त्याचा पासवर्ड एजन्सीच्या माणसाकडे, आणि तो माणूस आता दुसऱ्या एजन्सीत. म्हणजे आठवड्यातून तीनदा जे बघायचं ते बसवल्यापासून एकदाही बघितलेलं नाही. पुढच्या तान्ह्या पोळ्याला बडग्या, म्हणजे वाईट गोष्टींचा पुतळा, मिरवत काढणाऱ्या मंडळांना विषय कमी पडला तर पासवर्डचा बडग्या काढा, वर्गणी मी देते. तक्रारपेटी आहे. व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खुर्चीतून दिसेल अशा जागी. त्यात कोणती पोरगी चिठ्ठी टाकणार? मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलकही आहे, 2022 च्या आदेशाप्रमाणे. त्यावरच्या एका पालक सदस्याचं मूल शाळा सोडून गेलं, फलक तसाच.

आपल्या बातमीदाराने पट घसरण्याचं कारण एका ओळीत उरकलंय: 'पालकांचा इंग्रजी माध्यमाकडे ओढा.' असेलही. पण या शाळेतली मुलं ज्यांची, त्यांचा ओढा बहुतेक वेळा कामाकडे असतो. शिवनी, बालाघाटहून आलेले मजूर इमारतीचं काम संपलं की दुसऱ्या साइटवर जातात, बेसा म्हणा, वर्धा रोड म्हणा, आणि पोरं त्यांच्यासोबत. भंडाऱ्याकडून आलेली काही कुटुंबं दिवाळीला धानकापणीसाठी गावी जातात ती महिनाभर येत नाहीत. कोष्टी मोहल्ल्यातली दोन घरं माग बंद पडल्यावर भाडं परवडेना म्हणून पार वाठोड्याकडे गेली. हे आपल्या रंगीत तक्त्यात अजा, अज, इमाव (अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग) अशा रकान्यांत कसं बसणार?

आणि माझ्याकडे येणाऱ्या पाचांपैकी एक आता येत नाही. तिचं नाव काढून खासगी शाळेत घातलं. आई चार घरची भांडी करते. मी विचारलं, "इंग्रजीसाठी काय?" म्हणाली, "इंग्रजी तर मलेही समजत नाही आजी. तिथं संडासाले कडी आहे जी."

हे बातमीदाराने विचारलं असतं तर तिने त्यालाही सांगितलं असतं.

जाता जाता: बातमीसोबत जो फोटो छापलाय, भिंतीवर आगगाडी रंगवलेला, तो या शाळेचा नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर आगगाडी नाही, ओल आहे. शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर रस्ता खाली जाणार नाही आणि चेंबरही दुरुस्त होणार नाही, त्या मॅडमची बदली तेवढी होईल.

तक्त्यात दुरुस्ती छापणार असाल तर जरा लवकर छापा. दिवाळीनंतर आम्ही महिनाभर पुण्याला लेकीकडे चाललो आहोत, घराला कुलूप राहील. फाटकाची आणि मागच्या दाराची किल्ली त्या पोषण आहारवाल्या ताईकडे देऊन जाणार आहे. बाकी कोणाकडे द्यावी, सुचलं नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, पूर्व नागपूर
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, कृपया छापू नये.)