जावक क्रमांक

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

कॅनडाच्या अर्जासाठीचं तुझं ट्रान्स्क्रिप्टचं, म्हणजे विद्यापीठानं सही-शिक्का केलेल्या मार्कशीटच्या प्रतींचं, काम झालं. फोनवर सांगितलं असतं, पण तू 'बाबा, मेसेज करा' म्हणतेस आणि हे मेसेजात मावणारं नाही. सोबत मार्कशीटच्या झेरॉक्सचा एक संच आणि प्रतिज्ञापत्र पाठवतोय, त्यातच हे पत्र.

विद्यापीठाच्या ज्या खिडकीच्या आत मी ३१ वर्षं बसलो, तिच्या बाहेर मंगळवारी पहिल्यांदा उभा राहिलो. आतून ती चांगली मोठी वाटायची. बाहेरून मान वाकवावी लागते. आतला मुलगा नवा, त्यानं ओळखलं नाही. "काका, चलन भरलंय ना? वेसचा नंबर कुठाय फॉर्मवर?" वेस, म्हणजे तुझ्या पदव्या कॅनडासाठी तपासणारी ती संस्था, तिचा नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात आणला होता, फॉर्मवर घालायचा राहिला होता. एवढ्याच चुकीसाठी मी किती पोरांना 'उद्या या' म्हटलंय, त्याला गणती नाही. ह्यानं निदान पेन दिलं.

मग तीन दिवस लागले. आपल्या मार्कशीटच्या प्रती आत लेजरशी ताडतात, प्रत्येक पानावर शिक्का आणि सही, मग पाकीट बंद आणि जोडावर शिक्का असा की अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर. माझ्या सुरुवातीच्या काळात मेणबत्तीवर लाख वितळवून सील करायचो, बोटं पोळायची आणि सेक्शनभर वास राहायचा. आता पारदर्शक चिकटपट्टी लावतात. आत काय आहे हे तुलाही ठाऊक आहे, त्याच मार्कशीट तुझ्या फाइलीत आहेत. पण तिकडे विद्यार्थ्याच्या हातून उघडलेलं पाकीट चालत नाही, विद्यापीठानं बंद केलेलंच लागतं. एक मुलगा आठवतो. पाकीट हातात मिळालं, रात्री घरी वडिलांना दाखवायला त्यानं ते फोडलं आणि दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन उभा राहिला. मी त्याला पुन्हा पूर्ण शुल्क भरायला लावलं. नियमच होता, पण सांगताना आवाज चढवायचं काही कारण नव्हतं. तुझं पाकीट मी हातात घेतलंच नाही, थेट टपालात जाऊ दिलं.

आता नावाचं. तुझ्या मार्कशीटवर नावाच्या शेवटी दोन 'ई' आहेत आणि पासपोर्टवर एक 'आय'. दोष सगळा माझा. शाळेचा फॉर्म मी भरला तेव्हा दोन 'ई' लिहिले. पुढे आधारवाल्यानं 'आय' टाकला, मी कार्ड न बघता खिशात ठेवलं, आणि पासपोर्टच्या वेळी समोर आधार ठेवून तेच उतरवलं. दुनियेच्या मुलांची स्पेलिंगं तपासत बसलेला माणूस मी! त्यात मार्कशीटवर आधी आडनाव, मग तुझं नाव, मग माझं, मग आईचं. टोरंटोत बसलेल्या माणसाला वाटायचं, ही एक मुलगी की अख्खं कुटुंब? म्हणून नोटरीकडे जाऊन दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र केलंय. ते स्कॅन करून तुझ्या खात्यात चढव, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस.

तीन वर्षांच्या बी.एस्सी.ची तुला धास्ती होती. 'तीन वर्षांची डिग्री अर्धीच धरतात' हे अमेरिकेतल्या प्रवेशांवरून आलेलं बोलणं आहे, तिथे बॅचलर चार वर्षांचं. कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुण मोजून कायमचं राहायला घेतात त्या योजनेत, तीन वर्षांच्या पदवीलाही बॅचलरचेच गुण आहेत. तिथल्या क्वेबेक प्रांतात तर त्यांची स्वतःची मुलं सेजेप नावाच्या कॉलेजात दोन वर्षं करून पुढे तीन वर्षांतच बॅचलर होतात. एकट्या अर्जदाराला बॅचलरचे १२० गुण आणि मास्टर्सचे १३५. म्हणून बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्हींचे कागद पाठवलेत. गुण देताना टक्के कोणी विचारत नाही, पदवी कुठल्या पायरीची एवढंच बघतात. वयाचं मात्र कडक आहे. नोव्हेंबरात तुला तीस पूर्ण झाली की ११० चे १०५ होतात, त्याच्या पुढच्या वाढदिवसाला ९९. आई म्हणाली, लग्नाच्या बाजारातसुद्धा इतका काटा नसतो.

वेसच्या अर्जात एक पुन्हा तपासून बघ. वेसकडे मूल्यांकनाचे निरनिराळे प्रकार आहेत. तुला इमिग्रेशनसाठीचं, म्हणजे ईसीए म्हणतात ते हवं. आपल्या गल्लीतल्या एकानं शिक्षणासाठीचं घेतलं, अहवाल छान आला आणि प्रोफाइलात घालायला उपयोग शून्य. अहवाल पाच वर्षं चालतो, इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचा निकाल दोनच, त्यामुळे परीक्षेची घाई नको, पाकीट आधी पोचू दे.

तुझ्या मैत्रिणीनं 'पदवी तपासायला फार्मसीच्या मंडळाकडे जा' म्हणून सांगितलं, ते डोक्यातून काढ. फार्मासिस्ट म्हणून अर्ज करणाऱ्यांना ते मंडळ, जसं डॉक्टरांना मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडा. तू औषध कंपनीच्या लॅबमध्ये असलीस तरी केमिस्ट आहेस. आपल्याकडे केमिस्ट म्हणजे कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, तिथून हा घोळ. तरी हेही लक्षात असू दे की ईसीएमुळे गुण मिळतात, तिथे एखाद्या कामाला परवाना लागत असेल तर तो त्या प्रांतात वेगळा काढावा लागतो.

आणि ते एजंट. विद्यापीठाच्या गेटसमोर आता दोन बोर्ड लागलेत, 'ट्रान्स्क्रिप्ट आठ दिवसांत'. ते काय करतात सांगू? त्याच खिडकीशी रांगेत उभे राहतात. पैसे उभं राहण्याचे. मला गुडघे आहेत तोवर कशाला?

शुक्रवारी जावक नोंदवहीत तुझी नोंद झालेली मी बघितली. त्या मुलाला शेवटी सांगितलंच की मी इथेच होतो. खुर्ची द्यायला उठला बिचारा. जावक क्रमांक आणि स्पीड पोस्टचा नंबर झेरॉक्सच्या पहिल्या पानामागे पेन्सिलीनं लिहिलाय. वेसच्या खात्यात 'कागद मिळाले' असं दिसेपर्यंत ते पान टाकू नकोस.

आई लसणीची चटणी पाठवणार होती, पण कागदांना तेल लागेल म्हणून मी अडवलं. ती वेगळ्या पार्सलनं येईल.

तुझे,
बाबा

ता. क. ही चिठ्ठी वेगळी, कारण पत्र आई वाचल्याशिवाय बंद करू देणार नाही. सेमिस्टर तीनच्या फिजिक्सच्या दोन्ही मार्कशीट पाकिटात गेल्या आहेत, एटीकेटीची आणि नंतर सुटल्याची. सगळे प्रयत्न जोडायचे ही आमची पद्धत. तू ती पहिली मार्कशीट पुस्तकांच्या कप्प्यात तळाला, वर्तमानपत्राखाली ठेवली होतीस, ती तिथेच होती. मला तेव्हाच माहीत होतं. तुमच्या वर्गाचा निकाल माझ्याच टेबलावरून गेला होता.