हेल्मेटमध्ये मोबाईल कोंबू नका, स्पीकर बसवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रोडच्या कुठल्याही सिग्नलला सकाळी उभं राहून बघा, मान वाकडी करून गाडी चालवणारा एखादा तरी बाईकवाला दिसतोच, मोबाईल गाल आणि हेल्मेटच्या मधे दाबून बसवलेला. नाहीतर कानात इअरबड आणि वरून हेल्मेट. शनिवार-रविवारी हीच मंडळी माळशेज, कसारा, कोकणाकडे निघतात आणि हीच सवय सोबत घेऊन जातात. मी पण टूरिंग करतो, ठाण्यातच राहतो, आणि मला हे बघून खरंच भीती वाटते. डोकं आणि हेल्मेटच्या मधे एवढी कडक वस्तू ठेवायची, पडलात तर ती जाणार कुठे? हेल्मेटची फिटिंग सैल होते ते वेगळंच.

पण नुसतं "बाईकवर मोबाईल नकोच" म्हणून भागत नाही. लांबच्या प्रवासात कानात मॅपचा आवाज असणं ही चैन नाहीये. माजिवडा-कापूरबावडीला पुलावर चढायचं की खालून जायचं हे दोन सेकंदांत ठरवावं लागतं, मागे ट्रक असतो, तेव्हा खाली स्क्रीनकडे बघायला वेळ कुठे. तसंच कळंबोलीला, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी आहे, जुन्या हायवेने खोपोलीवरून जायचं, आणि मॅप चुकून कार मोडवर राहिला की तो आपल्याला सरळ एक्स्प्रेसवेकडेच पाठवतो. अटल सेतूचंही तेच. म्हणून निघायच्या आधी गुगल मॅपमध्ये टू-व्हीलर मोड लावा, आपल्याकडे तो 2017 पासून आहे तरी कित्येकांना माहीतच नसतो.

होंडा गोल्ड विंगसारख्या मोठ्या टूरिंग गाडीत स्पीकर कंपनीकडूनच येतात, 2018 पासून त्यात ॲपल कारप्लेही आलं. आपल्या रॉयल एनफिल्डच्या हिमालयन-मिटिऑरवाल्यांनी काय करायचं, तर हेल्मेटमध्ये ब्लूटूथ सेट बसवायचा. दोन चपटे स्पीकर, एक माईक, बाहेरून एक युनिट. हँडलला बाहेरचा स्पीकर लावून घेणारेही आहेत, पण वेग वाढला की वाऱ्यात त्याचं काही ऐकू येत नाही, पैसे फुकट.

बसवताना मात्र घाई करू नका. बऱ्याच टूरिंग हेल्मेटमध्ये कानाजवळ स्पीकरसाठी खळगा दिलेला असतो, तो बघूनच हेल्मेट घ्या, आयएसआय मार्क तर हवाच. खळगा नसेल तर आतलं थर्माकोल खरवडू नका. एका दुकानात माझ्या डोळ्यांदेखत कटरने थर्माकोल कापून स्पीकर बसवून दिले, आणि गिऱ्हाईक खूश! अहो, पडल्यावर धक्का झेलतं ते तेच थर्माकोल, तेच कापलं तर उरलं काय. स्पीकर बरोब्बर कानाच्या भोकासमोर आला पाहिजे, बोटभर इकडेतिकडे झाला तरी आवाज अर्धा होतो आणि मग लोक सेटला शिव्या घालतात. म्हणून आधी नुसता वेल्क्रोवर लावा, हेल्मेट घालून ऐका, सरकवा, परत ऐका. माईकचं पण बघा, हनुवटी झाकणाऱ्या फुल-फेस हेल्मेटला हनुवटीच्या आत चिकटवायचा बटणासारखा माईक आणि पुढून उघड्या ओपन-फेसला दांडीवाला, आणि त्यावरचा स्पंज काढू नका, नाहीतर समोरच्याला नुसता वारा ऐकू जातो.

आवाजाबद्दल एक गोष्ट फार कमी जण सांगतात. हायवेच्या वेगात हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज 90 डेसिबलच्या वर जातो, आणि तो तासन्‌तास कानावर पडला तर कानांचं कायमचं नुकसान होतं. त्यावर मात करायला व्हॉल्यूम वाढवत नेला तर दुप्पट त्रास. त्यापेक्षा फोमचे साधे इअरप्लग घाला, वाऱ्याची घरघर कमी होते, स्पीकरचा आवाज उलट स्वच्छ येतो आणि हॉर्नही ऐकू येतो. गाणी ऐकायची तर सरळ रस्त्यावर हळू आवाजात ऐका, घाट लागला की बंद, मी तरी याच मताचा आहे.

आवाज कानात आला की फोन हँडलवर ठेवायची गरजच उरत नाही, तो टँक बॅगेत, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर लावायच्या पिशवीत जातो. इंजिनच्या कंपनाने आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो हे ॲपलनेच 2021 मध्ये सांगितलंय. चार्जिंगची वायर बॅटरीवरून घेताना मधे फ्यूज घाला आणि कनेक्शन चावीवर चालू-बंद होणारं घ्या, नाहीतर सकाळी गाडी सुरूच होणार नाही.

आता कॉल. इथे मी कडक आहे. हात मोकळे असले म्हणून डोकं मोकळं असतं असं नाही, घरचं नाहीतर ऑफिसचं बोलणं सुरू झालं की समोरचा खड्डा दिसून पण दिसत नाही. सेटमधलं ऑटो-आन्सर बंद करा, काही सेट तर नुसत्या मोठ्या आवाजानेही कॉल उचलतात. फोन वाजला की बाजूला थांबून मग बोला. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 184 मध्ये चालवताना हातात धरलेला फोन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंग धरलंय, पहिल्या वेळेला दंड 1000 ते 5000 आणि तुरुंगवासही होऊ शकतो. ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमात फोन फक्त रस्ता बघायला, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने वापरायची मुभा आहे. हेल्मेटमधल्या ब्लूटूथचं काय, यावर मात रायडर लोकांत दहा तोंडांनी दहा गोष्टी ऐकायला मिळतात. ठाणे आणि नवी मुंबईच्या वाहतूक शाखांनी ते साध्या मराठीत एकदा जाहीर करावं आणि आपण ते ठळक छापावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक टूरिंग बाईकवाला, ठाणे (प.)